एआयवर कायदा हवाच; ‘हूल’ म्हणणाऱ्यांना उत्तर (सोलापुरातील चर्चा; प्रत्येक जण आपल्या वस्तीच्या नावाने लिहितो)

सात रस्ता: काल येथे एका गृहस्थांनी लिहिले की, ‘एआयपासून मानवजातीला धोका ही अमेरिकी कंपन्यांनी उठवलेली हूल आहे; कायदा आला तर आपल्या डोक्यावर आणखी एक इन्स्पेक्टर बसेल, इतकेच.’ त्यावर पडलेल्या टाळ्या पाहून उत्तर देणे भाग पडले. ज्यांच्या संशोधनावर हे तंत्रज्ञान उभे आहे, त्या जेफ्री हिंटन यांनी मे 2023 मध्ये गूगल सोडले ते या धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून. त्याच महिन्यात निघालेल्या एका वाक्याच्या निवेदनाने हा धोका महासाथी आणि अणुयुद्ध यांच्या पंक्तीला बसवला आणि त्यावर ओपनएआय, डीपमाइंड व अँथ्रोपिक या एआय बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांनीही सह्या केल्या. स्वतःच्या मालाला घातक म्हणणारा व्यापारी आपण कधी पाहिला आहे का?

अक्कलकोट रोड: पाहिला आहे. ‘आमचे औषध फार जालीम आहे’ हीसुद्धा जाहिरातच असते. हिंटन यांच्याबरोबर संगणकशास्त्रातला 2018 चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले यान लकून ही भीती अतिरंजित मानतात, हे आपण सोयीस्करपणे गाळले. आता इन्स्पेक्टरविषयी. माझा टॉवेलच्या सुताचा डाइंगचा कारखाना आहे. एका वर्षी बॉयलरची तपासणी झाली, त्यात दोष काही निघाला नाही, तरीही दाखला वेळेवर हाती न आल्यामुळे भट्टी थंड ठेवावी लागली आणि निर्यातीची ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. आपल्यासारख्या कॉलेजात शिकवणाऱ्यांना हे कळायचे नाही.

विजापूर वेस: अण्णा, बॉयलरचा विषय आपणच काढलात, म्हणून सांगतो. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून अनेक माणसे मेली, तेव्हा कुठे 1864 मध्ये बंगालचा कायदा आला, आणि सबंध देशासाठी एकच कायदा व्हायला 1923 उजाडले. माझे वडील फायरमन होते. दाब वाढावा म्हणून मालकाने जादा वाफ सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हवर वजन बांधायला लावले होते. त्याला विरोध करण्याची वडिलांची प्राज्ञा नव्हती, ते वजन तपासणीसानेच उतरवले. आपली एक ऑर्डर गेली, त्यांचा जीव गेला असता.

साखर पेठ: मानवजात नष्ट होईल तेव्हा होईल. माझा भाऊ जकार्ड विणकामाची डिझाइने काढायचा. आता मालक मोबाइलवर एआयकडून चित्र काढून घेतो. त्यावर कायदा कोण करणार?

सात रस्ता: त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, परंतु तो वेगळा कायदा होईल. येथे मुद्दा मानवी नियंत्रणाबाहेर जाऊ शकणाऱ्या प्रणालींचा आहे.

अक्कलकोट रोड: वडिलांविषयी आदर आहे. पण बॉयलर किती दाबाला फुटतो हे ठाऊक असते आणि त्याला दाब दाखवणारा गेज असतो. या प्रणालींचा गेज कुठे आहे? युरोपीय संघाच्या एआय कायद्याने ‘व्यापक धोका’ ओळखण्यासाठी प्रणाली शिकवताना संगणकाने केलेल्या आकडेमोडीची मर्यादा ठरवली, दहाचा पंचविसावा घात इतक्या क्रिया. हे म्हणजे भट्टीत किती कोळसा घातला त्यावरून दाब ओळखणे झाले.

सात रस्ता: माप ओबडधोबड आहे, हे मान्य. मात्र त्याच मापामुळे जगातल्या मोजक्या कंपन्या त्यात सापडतात आणि आपला टॉवेल सुटतो. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर 2025 मध्ये केलेला कायदाही मोठ्या कंपन्यांनाच सुरक्षेची पद्धत जाहीर करायला आणि गंभीर घटना सरकारला कळवायला सांगतो; गेज नसेल तर निदान गळतीची वर्दी तरी मिळावी. आपल्याकडे मार्च 2024 मध्ये केंद्राने अपुऱ्या चाचणीच्या प्रणालींना पूर्वपरवानगी लागेल असे कळवले आणि दोन आठवड्यांत ती अट मागे घेतली. केंद्राच्या नोव्हेंबर 2025 च्या एआय मार्गदर्शक तत्त्वांतही स्वतंत्र कायदा नाही. तेव्हा आपण ज्याला घाबरता तो इन्स्पेक्टर अजून नेमलेलाच नाही.

विजापूर वेस: कंपनीची चाचणी कंपनीच घेणार असेल, तर व्हॉल्व्हवरचे वजन दिसणार कोणाला?

अक्कलकोट रोड: ठीक आहे, आणा आपला कायदा. फक्त दहाचा पंचविसावा घात हा आकडा कलमातच लिहा, ‘वेळोवेळी ठरवण्यात येईल’ असे नको. तसे लिहिलेले कागद माझ्या कपाटात भरपूर पडले आहेत.