पीटीटी: ईसीजी ते बोट हे अंतर पुरेसं नाही

पीटीटी (पल्स ट्रान्झिट टाइम) म्हणजे नाडीच्या लाटेला धमनीतलं ठरावीक अंतर कापायला लागणारा वेळ; त्यावरून रक्तदाबाचा अंदाज बांधतात. ईसीजीतलं आर शिखर (प्रत्येक ठोक्याचं उंच टोक) आणि बोटावर पोचलेला ठोका, यांतली वेळ मोजली की रक्तदाब थेट मिळेल का, असा प्रश्न आहे. थेट नाही मिळणार. त्या वेळेत नाडीचा प्रवास आहेच, पण त्याआधी महाधमनीची झडप उघडेपर्यंतचा काळही मिसळलेला असतो. हा काळ ताणाने, व्यायामाने, औषधाने बदलतो आणि रक्तदाबाच्या बरोबरीने बदलेलच असं नाही. मला इथेच खरी मेख वाटते.

एकाच हातावर दोन ऑप्टिकल (प्रकाशाने नाडी टिपणारे) सेन्सर लावले तर हा घोळ टळतो. मग मात्र सेन्सरच्या नोंदी घेण्याचा वेग सांभाळा. लाट सेकंदाला 10 मीटर धावत असेल तर 20 सेंटीमीटरला लागतात जेमतेम 20 मिलिसेकंद. सेकंदाला 100 नमुने (नोंदी) घेतलेत तर दोन नमुन्यांतच 10 मिलिसेकंद जातात! किमान 1000 घ्या.

हात कुठे ठेवलाय तेही बघा. हृदयापेक्षा 10 सेंटीमीटर वर नेला की तिथला दाब साधारण 8 मिमी पाऱ्याने उतरतो. आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणाऱ्या यंत्राशी ताडून प्रत्येक माणसासाठी कॅलिब्रेशन करावंच लागेल, कारण धमन्यांचा ताठरपणा ज्याचा त्याचा वेगळा.