ड्रेस्डेन प्लेट, पानगळीच्या रंगांत : तुमचे अनुभव आणि मोजमापं

अमेरिकी क्विल्टमधला (गोधडीसारख्या पांघरुणातला) हा फुलाचा जुना ब्लॉक (चौकोनी तुकडा) १९२०-३०च्या दशकांत तिकडे घरोघरी शिवला जाई. नाव जर्मनीतल्या ड्रेस्डेनकडच्या फुलाफुलांच्या चिनी मातीच्या बश्यांवरून आलं. अ‍ॅस्टर आणि सनफ्लॉवर ही त्याचीच दुसरी नावं. मूळ ब्लॉक फिक्या छापील चिंध्यांचा. इथे आपल्याला तो ऑक्टोबरातल्या न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या) झाडांसारखा हवाय: मेपलचा नारिंगी-लाल, बर्चचा पिवळा, ओकचा गंजकट तपकिरी. ज्यांनी शिवलाय त्यांनी माप, कापड आणि नेमकं कुठे बिघडतं ते लिहा. कौतुकाचे फोटो दुसरीकडे टाका. (खाली प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सव्वावार

२० पाकळ्यांचा साचा. ३६० भागिले २० म्हणजे १८ अंश. जाड पुठ्ठ्यावर एक उभी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना ९-९ अंश. मायेसकट (माया म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड) लांबी १३३ मिलिमीटर, रुंद टोक ६३, अरुंद टोक २१. माया पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर. यातून सुमारे १२ इंच व्यासाचं फूल होतं. मागचं कापड साडेपंधरा इंच चौरस कापा, ब्लॉक तयार होऊन १५ इंच भरेल.

इंचात माप "गोल" करायचा मोह टाळा. रुंदी अडीच इंच आणि अरुंद टोक तेरा सोळांश धरलं, की कोन सव्वाअठराच्या वर जातो. वीस पाकळ्यांत पाच अंश जास्त, आणि फुलाच्या कडेला झालर.

कापताना साचा एकदा सुलटा, एकदा उलटा ठेवत जायचं. १३३ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीतून एका कापडाच्या ४ पाकळ्यांना २० सेंटिमीटर लांबी पुरते. साच्याची मधली रेघ कापडाच्या उभ्या धाग्यावर ठेवा. तिरकी ठेवली तर एक कड उरेब (तिरक्या धाग्याची) होते आणि इस्त्रीखाली ताणते.

हळदकुंकू

पानगळीच्या रंगांची खोड अशी, की ते सगळे मधल्या गडदपणाचे असतात. विटकरी, गंज, शेंदरी, तपकिरी दुकानात वेगवेगळे दिसतात. शेजारी शिवले की दोन हातांवरून एकच तांबूस थाळी. कापडं ओळीने मांडून मोबाइलवर काळापांढरा फोटो काढा. करड्या रंगाच्या किमान तीन छटा वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत.

पाच कापडं चार वेळा फिरवायची असतील तर दोन फिकी (हळदी, मधाचा रंग), दोन मधली (शेंदरी, विटकरी) आणि एकच गडद (डाळिंबी किंवा कॉफी). गडद पाकळी पाचांतली मधली ठेवली तर ती दोन्ही कर्णांवर चारही कोपऱ्यांकडे येते आणि फुलाऐवजी आधी फुलीच दिसते. फुली नको असेल तर दहा कापडं दोन-दोनदा वापरा.

पाठीला, म्हणजे फुलामागच्या चौकोनाला, पांढरंशुभ्र कापड नको. या रंगांशेजारी ते निळसर आणि थंड वाटतं. कोरं मांजरपाट किंवा फिका सायीचा रंग घ्या. शेवाळी हिरवा एखाद्याच पाकळीत, पण जरूर घाला. त्याच्याशिवाय केशरी रंग उठत नाही.

खणाळी

परदेशात राहून इकडचं कापड वापरणाऱ्यांसाठी. अजरख आणि कलमकारीतले लाल-तपकिरी या ब्लॉकसाठीच केल्यासारखे असतात, पण रंग सोडतात. ओल्या पांढऱ्या फडक्यावर तुकडा ठेवून गरम इस्त्री दाबा. फडकं रंगलं तर ते कापड वेगळं धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. बाजारी रंग मीठ-व्हिनेगरने पक्का होत नाही.

खणाची वीण सैल, काठ भराभर उसवतो. पाकळी कापायच्या आधी मागून पातळ चिकट अस्तर इस्त्रीने बसवा, नाहीतर ६ मिलिमीटर मायेतली निम्मी दोऱ्यादोऱ्यांनी निघून जाते. हातमागाच्या सुती कापडाला खळ घालून, वाळवून, मगच कापा.

उसवण

पाकळीचं टोक: सुलट बाजू आत घेऊन उभी घडी, आणि फक्त रुंद कड पाव इंचावर शिवायची. टाका २ मिलिमीटर, सुई ११ नंबर. घडीकडच्या टोकाला मागे-पुढे टीप मारून पक्कं करा. सगळ्या वीस पाकळ्या दोरा न तोडता एकामागून एक चालवा. मग घडीकडचा कोपरा तिरका छाटा, शिवण नखाने उघडा आणि उलटवा. टोक बाहेर काढायला विणायची सुई घ्या. कात्रीचं टोक कापडातून आरपार जातं.

मागची शिवण पाकळीच्या बरोबर मधल्या घडीवर बसली पाहिजे. दोन मिलिमीटर सरकली तरी टोक वाकडं दिसतं, आणि वीसांत एक वाकडं टोक लगेच डोळ्यांत भरतं.

पाकळ्या जोडताना खांद्याला खांदा जुळवा (खांदा म्हणजे टोकाचा उतार जिथे सरळ कडेला मिळतो तो कोपरा), अरुंद टोकाची चिंता नको, ते मधल्या गोलाखाली जाणार आहे. शिवण खांद्यापासून ६ मिलिमीटर आत सुरू करून आधी मागे कडेपर्यंत, मग पुढे मध्याकडे. सरळ कडेवरूनच सुरू केलं तर मशीन खांद्याचा कोपरा गिळतं.

मोजपट्टी

फूल सपाट का बसत नाही याचं कारण बहुतेक जण चुकीचं सांगतात. माया सगळीकडे सारखी १ मिलिमीटर जास्त गेली तर काही बिघडत नाही. कोन १८ अंशच राहतो. फूल चहूबाजूंनी सहाएक मिलिमीटर लहान होतं आणि मधलं भोक आवळतं, एवढंच.

बिघडतं ते माया तिरकी गेल्यामुळे. खांद्यापाशी ७ आणि मध्यापाशी ६ मिलिमीटर, एवढाच फरक घ्या. दोन्ही कडा धरून पाकळी वर २ मिलिमीटर निमुळती झाली. शिवणीची लांबी जेमतेम ९५, म्हणजे एका पाकळीमागे सव्वा अंशाच्या आसपास. वीस पाकळ्यांत चोवीस अंश, एका अख्ख्या पाकळीहून जास्त! शेवटची शिवण ओढूनताणून मिटवली की मधे घुमट. उलट तिरकं गेलं, तर झालर.

म्हणून फूल एकदम पूर्ण करू नका. पाच-पाच पाकळ्यांचे चार भाग करा. पाच गुणिले अठरा नव्वद, त्यामुळे प्रत्येक भाग काटकोनात बसायला हवा. चौकोनी फूटपट्टी किंवा वहीचा कोपरा लावून बघा. ८७ अंश भरले तर त्या भागातल्या दोन-तीन शिवणी खांद्याकडून १ मिलिमीटर ढिल्या करून पुन्हा मारा. भाग सुटे असताना हे दहा मिनिटांचं काम. गोल मिटल्यावर अर्धं फूल उसवावं लागतं.

हळदकुंकू

मोजपट्टी, कोनाचं पटलं. पण इस्त्रीमुळेही झालर येते. घासू नका, वरून ठेवा, दाबा, उचला.

काजंबटण

इस्त्रीने शिवणी उघड्या दाबायच्या (माया दोन बाजूंना फाकवून) की एका बाजूला, यावर वाद आहे. उघड्या दाबल्या तर मध्याजवळची जाडी कमी होते. पण पुढे शिवणीच्या खोबणीत हाताने टाके घालणार असाल तर एका बाजूला, सगळ्या एकाच दिशेने. उघड्या शिवणीत सुई जोडाच्या दोऱ्यावरच उतरते आणि जोड कमजोर होतो.

मधला गोल: भोक साधारण ५० मिलिमीटरचं राहतं, म्हणून गोल ७५ चा. पुठ्ठ्याची ७५ ची चकती, कापड ९५ चं. कडेपासून ४ मिलिमीटरवर बारीक धावदोरा, चकती आत ठेवून दोरा ओढा, खळीचं पाणी लावून इस्त्री, गार झाल्यावर पुठ्ठा काढा. गरम असतानाच काढला तर कड सुटते. धावदोऱ्याचे टाके मोठे घेतले की गोलाला कोपरे येतात. रंग कॉफी घेतलात तर सूर्यफूल, मोहरी घेतलीत तर शेवंती.

टाचणी

पाठीवर बसवणं: कापडाच्या उभ्या, आडव्या आणि दोन्ही कर्णांच्या घड्या नखाने पाडा. चार भागांचे जोड उभ्या-आडव्या घडीवर ठेवा, की कर्णांवर आपोआप पाकळ्यांची टोकं येतात. एखादं टोक कर्णावर येत नसेल तर तो भाग नव्वदचा नाही. टाचण्या लावून ते लपत नाही.

हाताने शिवताना दोरा पाकळीच्या रंगाचा, पाठीच्या नाही. टाक्यांत ३ मिलिमीटर अंतर. टोकावर दोन टाके एकाच जागी, दोन पाकळ्यांमधल्या खाचेत तीन. खाच आधी सुटते, कारण ताण तिथेच येतो. जुन्या ब्लॉकांवर अनेकदा काळ्या दोऱ्याचा काजाचा टाका दिसतो. पानगळीच्या रंगांवर मात्र काळ्यापेक्षा गडद तपकिरी बरा.

शिवून झाल्यावर पाठीचं कापड फुलाच्या मागून ६ मिलिमीटर ठेवून कापून टाकलं की क्विल्ट करताना सुई सहज जाते. हे मधला गोल शिवायच्या आधी करू नका.

उसवण

आत बॅटिंगऐवजी (क्विल्टच्या आतल्या मऊ थराऐवजी) जुन्या सुती साडीचे दोन थर घालून गोधडीसारखं करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: साडी जास्त थरांची झाली तर पाकळ्यांच्या जोडावर सुई अडते. तिथे टाका जोडाच्या बाजूने घ्या, वरून नको. धावदोरा फुलाच्या कडेने सुरू करून बाहेर चौकोनापर्यंत एक-एक सेंटिमीटरवर फिरवत नेला तर गोधडीचा पोत येतो. मधून सुरू करून बाहेर जा. बाहेरून आत आलात तर चुण्या फुलापाशी गोळा होतात.

खळ घातलेलं कापड न धुता कपाटात ठेवू नका, कसर लागते. पहिली धुलाई गार पाण्यात, एकटी, आणि सावलीत सपाट वाळवा.