एसीसीतलं प्रेक्षकसंख्येवरचं वाटप: न्याय की आत्मघात?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल. मार्च २०२५मध्ये फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सन या विद्यापीठांनी आपल्याच एसीसी कॉन्फरन्सशी (कॉन्फरन्स म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकणाऱ्या विद्यापीठांचा गट) चाललेले खटले मिटवले. तडजोड अशी: टीव्हीच्या पैशातले ४० टक्के सगळ्यांना सारखे, उरलेले ६० टक्के पाच वर्षांच्या सरासरी प्रेक्षकसंख्येनुसार. मला हे साफ चुकीचं वाटतं. कोणता सामना एबीसी या मोठ्या वाहिनीवर रात्री लावायचा आणि कोणता एसीसी नेटवर्क या छोट्या वाहिनीवर, हे ठरवते सामने दाखवणारी क्रीडा कंपनी ईएसपीएन. चांगली वेळ मिळाली की प्रेक्षक वाढतात, त्यातून पैसा, पैशातून प्रशिक्षक आणि खेळाडू, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच वेळ. मागे पडलेल्याने वर यायचं कसं?

असहमत
मोठ्यांना धरून ठेवलं नाही की काय होतं ते पॅक-१२ या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये दिसलं. जून २०२२मध्ये यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी बिग टेन या श्रीमंत कॉन्फरन्सची वाट धरली आणि लॉस एंजेलिसची बाजारपेठच गेली. राहिलेल्यांपुढे आला सामने दाखवण्याचा ॲपलचा प्रस्ताव, तोही वर्गणीदार किती मिळतात यावर अवलंबून. ऑगस्ट २०२३मध्ये ओरेगन आणि वॉशिंग्टनही निघाले. त्यांना बिग टेनमध्ये पूर्ण वाटासुद्धा नाही: सुरुवात साधारण ३ कोटी डॉलरपासून, पुढे दरवर्षी १० लाखांची वाढ. तरी गेले! शेवटी पॅक-१२मध्ये उरले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

Re: असहमत
पण बिग टेन आणि एसईसी या दोन सर्वांत श्रीमंत कॉन्फरन्स आपल्या जुन्या सदस्यांत आजही पैशाचं समान वाटप करतात. बलाढ्य ओहायो स्टेटइतकाच वाटा दुबळ्या पर्ड्यूला. पॅक-१२ फुटली ती एकूण रक्कमच तोकडी होती म्हणून. तोकडी रक्कम वेगळ्या पद्धतीने वाटली म्हणून वाढत नाही.

दंडाचा तक्ता वाचा
दोघंही ६० टक्क्यांत अडकलात. खरा बदल बाहेर पडण्याच्या अटींत आहे. आधी प्रत्येक सदस्याने घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क २०३६पर्यंत एसीसीला लिहून दिले होते. दंड भरून गेलात तरी हक्क मागेच राहणार, मग नवी कॉन्फरन्स तुम्हाला घेईल कशाला? आता दंड भरला की हक्क सोबत नेता येतात. दंड २०२५-२६मध्ये सुमारे १६.५ कोटी डॉलर, दरवर्षी १.८ कोटींनी कमी होत २०३०-३१मध्ये ७.५ कोटी. बिग टेनचा टीव्ही करार संपतो तोही २०३०च्याच सुमारास. म्हणजे क्लेम्सनला तोवर जास्त वाटा, आणि नंतर दार उघडं.

समानता आधीच संपली होती
एसएमयू या विद्यापीठाने एसीसीत येताना नऊ वर्षं टीव्हीचा वाटा सोडला. स्टॅनफर्ड आणि कॅल (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) पहिली सात वर्षं पूर्ण वाट्याच्या ३० टक्क्यांवर. त्यात १ जुलै २०२५पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी कमाल २.०५ कोटी डॉलर. श्रीमंत विद्यापीठ ती मर्यादा गाठणार, ३० टक्केवाला कुठून आणणार? कॅलच्या हाती निदान यूसीएलएकडून वर्षाला १ कोटी येतात, कारण दोघांचं नियामक मंडळ एकच आणि त्याने तसं ठरवलं. बाकीच्यांना असा आधार नाही.

एक दुरुस्ती सुचवतो
प्रेक्षकसंख्या मोजायचीच तर कच्चा आकडा नको. त्या वाहिनीवर त्या वेळेला एरवी जेवढे लोक असतात, त्याहून संघाने किती जास्त आणले तेवढंच धरा. सामन्याचं श्रेय दोन्ही संघांना निम्मं-निम्मं द्या. दुपारी बारा वाजता छोट्या वाहिनीवर खेळणाऱ्याला मग निदान स्वतःच्या खेळाचे पैसे मिळतील.