चुलत, मावस, मामे, आते भावंड गेल्यावर : तुमचे अनुभव लिहा

माझा आतेभाऊ गेला. रजेच्या अर्जात आईवडील, जोडीदार, मुलं आणि सख्खी भावंडं एवढेच पर्याय होते, म्हणून मी किरकोळ रजा टाकली. समाज ज्या दुःखाला मोजत नाही, ज्याला उघड रडायची मुभा देत नाही, त्याची मांडणी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये केली. ती वाचून मला फार आधार वाटला. तोवर मी स्वतःलाच विचारत होते, इतकं का लागतंय? ज्यांनी असं भावंड गमावलंय त्यांनी जमेल तसं, जमेल तेवढं लिहा.

—

माझी चुलतबहीण माझ्याहून थोडी मोठी. ती गेली तेव्हा जो तो मला सांगत होता, "काकूला सांभाळ." सांभाळलं. फोन घेतले, कागदपत्रं शोधली, येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगितलं. मला कुणी विचारलं नाही, त्यात कुणाचा दोषही नाही. आईबापांसमोर आपण कुठे रडणार?

पुढे बऱ्याच दिवसांनी हनुवटीवरच्या टाक्यांच्या खुणेवर हात गेला. लहानपणी जिन्यावरून पडले ते कशाच्या मागे धावताना, हे काही केल्या आठवेना. आईला विचारलं, तिला माहीत नव्हतं. आम्हा पोरांचं अर्धं जग मोठ्यांना ठाऊकच नव्हतं. ताईला ठाऊक होतं. त्या दिवशी मी पोटभर रडले.

—

वाटणीवरून वडिलांचं आणि काकांचं बोलणं बंद होतं. आम्ही चुलतभाऊ मात्र बोलायचो. तो गेल्याचं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. वडिलांनी चपला घातल्या आणि मलाच विचारलं, "मी आलो तर चालेल का रे?" तिथे दोघे भाऊ शेजारी बसले, एक शब्द बोलले नाहीत. दावा अजून चालू आहे. पण काकांनी गोळ्या घेतल्या का, हे विचारायला वडील आता रोज फोन करतात.

—

माझा मामेभाऊ विशीत, खेळता खेळता कोसळला. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी निघाली, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार. तो बरेचदा आनुवंशिक असतो. दोष आईकडे किंवा वडिलांकडे असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के. डॉक्टरांनी आधी मामा, मामी आणि त्याच्या सख्ख्या बहिणीचा ईसीजी आणि इको करायला सांगितलं. मामांमध्ये दोष सापडला, मग त्यांच्या बहिणींची पाळी आली, म्हणजे माझी आई आणि मावशी.

मावशी ऐकेना. "घरात काय झालंय आणि तुम्ही तपासण्यांचं काय घेऊन बसलात?" शेवटी मामीने तिला फोन केला. म्हणाली, "माझा गेला गं. तुझा आहे. उद्याच्या उद्या जा." आईचं ठीक निघालं. मावशी आणि तिचा मुलगा, दोघांतही जाडी दिसली. दोघं आता हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहेत. स्वतःचं पोर गेलेल्या बाईने हा फोन केला, याचं मोल मी शब्दांत सांगू शकत नाही. तुमच्या घरात तरुण माणूस असं अचानक गेलं असेल तर कारण शोधून घ्या आणि काका, आत्या, मामा, मावशी सगळ्यांना कळवा. संकोच करू नका.

—

माझ्या मावसबहिणीचा मुलगा आता मोठा झालाय. तिचा नवरा त्याला सांगतो ते लग्नानंतरचं. त्याआधीचं माझ्याकडे आहे. मी आठवेल तसं बोलून, रेकॉर्ड करून त्याला पाठवते. नुसतं चांगलंच सांगत नाही. ती हट्टी होती, अंधाराला घाबरायची, माझ्याशी कडाकडा भांडायची, हेही सांगते. परवा त्याने विचारलं, "मावशी, आई कधी नापास झाली होती का?" झाली होती, सहावीत, गणितात. सगळं सांगितलं.