'पॉलिफिल'ला मराठीत काय म्हणावं? (आणि खुडबूड, पाचर, धूळपाटी वगैरे)

धागाकर्ता:
ब्रायटनमधल्या लेफ्ट लॉजिक या छोट्या वेब स्टुडिओबद्दल मराठीत लिहायला घेतलंय. त्यामागचा माणूस रेमी शार्प. जेएस बिन (२००८, ब्राउझरमध्येच कोड लिहून बघायची जागा), नोडेमॉन (प्रोग्रामरांसाठीचं टूल), एचटीएमएल५ची म्हणजे वेबपानांच्या भाषेची चिमुकली प्रात्यक्षिकं असा सगळा ऐवज आहे. पण पहिल्याच वाक्यात अडलो. 'प्लेफुल एक्सपेरिमेंट्स'साठी 'खेळकर प्रयोग' लिहिलं आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. खेळकर मूल असतं, स्वभाव असतो. प्रयोग कसा खेळकर असेल? 'हँडी टूल्स'चं 'सुलभ साधने' केलं तर ते परिपत्रक वाटायला लागलं. 'पॉलिफिल'पुढे (जुन्या ब्राउझरला न येणारी गोष्ट भरून काढणारं कोड) तर हातच टेकले. हा शब्द शार्पनेच २००९च्या सुमारास घडवलाय, त्यामुळे टाळताही येत नाही. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद:
'प्रयोग' ठेवा, 'खेळकर' काढा. प्रयोग शाळेतल्या परीक्षानळीचा असतो तसा नाटकाचाही असतो. 'खेळ'चंही तेच. सिनेमाचा तीनचा खेळ असतो, डोंबाऱ्याचा खेळ असतो. दोन्ही शब्दांच्या पोटात 'करून दाखवणं' आहे. ब्राउझरमध्ये कॅनव्हासवर रेघोट्या ओढणारं पान आधी 'जमतंय का बघू' म्हणून होतं आणि जमलं की लोकांपुढे मांडलं जातं. 'डेमो'त फक्त मांडणं येतं, जमवणं येत नाही. 'खेळ म्हणून केलेले प्रयोग' असं सरळ लिहा. (कर्तरी आणि कर्मणी प्रयोग मी मुद्दाम बाहेर ठेवलेत, नाहीतर धागा तिकडेच जाईल.)

प्रतिसाद:
'उचापती' का नको?

प्रतिसाद:
कारण उचापती दुसऱ्याच्या असतात. त्या शब्दात बघणाऱ्याचा वैताग आहे. 'खटाटोप'मध्ये घाम जास्त आणि फळ कमी. मला 'खुडबूड' आवडतो. कोपऱ्यात कोणीतरी काहीतरी उघडून बसलंय, आवाज येतोय, काय चाललंय ते कळत नाही आणि थोड्या वेळाने चालू यंत्र बाहेर येतं. स्टुडिओच्या रिकाम्या दुपारचं वर्णन याहून नेमकं होणार नाही.
टूल्ससाठी 'अवजारं' म्हणा. सुतार 'हत्यारं' म्हणतो, पण वाचणारा दचकेल. 'हँडी'ला विशेषण हवंच कशाला? 'हाताशी ठेवावीत अशी अवजारं' म्हटलं की झालं.

प्रतिसाद:
पॉलिफिलबद्दल. आमच्या घरी रंगकामाचा धंदा होता, त्यामुळे ते नाव वाचून हसूच आलं. ब्रिटनमध्ये भिंतीच्या भेगा बुजवायला पॉलिफिला नावाचा लगदा मिळतो, त्यावरून शार्पने शब्द घेतला. भेगा ब्राउझरमधल्या. 'पॉली' एवढ्यासाठी की भेग बुजवायला जावास्क्रिप्टच हवी असं नाही, कुठलंही तंत्र चालेल. आपले रंगारी याला 'लांबी भरणे' म्हणतात. म्हणजे पॉलिफिल म्हणजे लांबी. हातासरशी मिळालेला शब्द आहे, संस्कृतच्या दारात जायची गरज नाही.

प्रतिसाद:
शब्द फक्कड, पण प्रोग्रामरच्या लेखात चालणार नाही. तिथे स्ट्रिंगची लांबी असते, अ‍ॅरेची लांबी असते. 'अ‍ॅरेची लांबी तपासून मग लांबी भरा' हे वाक्य वाचून कोण सरळ घरी जाईल? लांबीला 'लुकण' असाही जुना शब्द आहे, तो घ्या. त्याचा दुसऱ्या कशाशी घोळ होत नाही.

प्रतिसाद:
माझा आक्षेप वेगळा आहे. भिंतीत भरलेलं लुकण भिंतीबरोबरच म्हातारं होतं, कोणी काढत नाही. पॉलिफिल मात्र काढण्यासाठीच घालतात. जुन्या ब्राउझरला 'फेच' (सर्व्हरवरून माहिती आणणारं फंक्शन) माहीत नसेल तर पॉलिफिल त्याच नावाचं फंक्शन तयार करून ठेवतं. माहीत असेल तर गप्प बसतं. सगळे ब्राउझर सुधारले की ती फाइल उडवायची, बाकीच्या कोडमध्ये एक अक्षरही बदलायचं नाही. खरी मेख तीच. मग 'टेकू' जास्त जवळचा नाही का? काम संपलं की टेकू काढतात.

धागाकर्ता:
टेकूवर मी बराच वेळ थांबलो. पण टेकू दिसतो. टेकू लावलेलं घर लांबूनही ओळखू येतं. पॉलिफिल भरल्यावर वरचं कोड लिहिणाऱ्याला पत्ताही लागायला नको, जणू ब्राउझरला ते मुळातच येत होतं. रंग दिल्यावर भेग दिसत नाही, तसं. म्हणून मी लुकणच्या बाजूने. 'ठिगळ' तर मुळीच नको. ते 'पॅच'ला राखून ठेवू, कारण ठिगळ डोळ्यांत भरतंच.

प्रतिसाद:
मग 'शिम'चं काय? अशाच उणीव भरणाऱ्या कोडसाठी तो शब्द आधीपासून होता. शार्पने नवा शब्द केला तो त्यामुळेच. त्याच्या लेखी शिम बहुतेक वेळा स्वतःची वेगळी नावं आणि वेगळी रीत घेऊन येतो. तो वापरायचा तर तुमचं कोड त्याच्या भाषेत लिहावं लागतं. शिवाय शिम म्हटलं की त्याला जुनी shim नावाची पारदर्शक जिफ (चित्राची फाइल) आठवायची, वेबपानावरच्या तक्त्याचे रकाने ताणून धरायला घालत ती. सुतारकामात शिम म्हणजे फटीत सारायची पातळ चीप.

प्रतिसाद:
म्हणजे पाचर. पण 'पाचर मारली' म्हणजे मराठीत कोणीतरी काम अडवलं! 'आम्ही ब्राउझरमध्ये पाचर मारली' असं लिहिलंत तर वाचणारा गुन्हा समजेल. शिमला शिमच म्हणा.

(रोमन अक्षरं धाग्यात चालत नाहीत ना? वरच्या प्रतिसादात एक शब्द राहून गेलाय.)

प्रतिसाद:
माझाच होता, 'शिम' असं वाचावं. सवय जात नाही.
जेएस बिनसाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: धूळपाटी. मराठी विकिपीडियावर 'सँडबॉक्स'ला, म्हणजे सरावाच्या पानाला, तोच वापरतात. पाटीवर धूळ पसरून अक्षर गिरवायचं, चुकलं की हात फिरवायचा. जेएस बिनमध्ये एका बाजूला कोड आणि शेजारी त्याचा परिणाम, तोच तर खेळ.

प्रतिसाद:
अर्धं पटलं. धूळपाटीवरचं पुसलं की गेलं. जेएस बिनमध्ये जतन केलेल्या आवृत्तीला स्वतःचा पत्ता मिळतो आणि तो कुणालाही पाठवता येतो. शिवाय आयफ्रेमच्या (पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीच्या) 'सँडबॉक्स'ला धूळपाटी म्हणू नका. तिथे गिरवणं नाही, कोंडून ठेवणं आहे. तिथे 'कुंपण' बरं.

प्रतिसाद:
एक राहिलंच. धागाकर्त्यांनी पहिल्याच प्रतिसादात 'नोडेमॉन' लिहून टाकलंय. फाइल बदलली की नोडचा (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवतं ते) प्रोग्राम आपोआप पुन्हा सुरू करणारं ते अवजार. पण उच्चार नोड-मॉन, नो-डीमन की पोकेमॉनसारखा नोडेमॉन, यावर लोक पैजा लावतात. शार्पला विचारलं तर तो स्वतः कसं म्हणतो ते सांगत नाही. तुम्हाला हवं तसं म्हणा, सगळंच बरोबर, एवढंच. रोमनमध्ये ही पळवाट चालते. देवनागरीत मात्र लिहिणाऱ्याला तोंड उघडावंच लागतं.

धागाकर्ता:
पकडलंत. पोकेमॉन डोक्यात होतं आणि न विचारता टाइप झालं. आता लेखात पहिल्यांदा नाव येईल तिथे तिन्ही उच्चार देतो, पुढे नोडेमॉन. 'खुडबूड' शीर्षकात घेतलाय, 'लुकण' पॉलिफिलच्या परिच्छेदात. 'लांबी' काढताना मात्र जिवावर आलं.