मदत हवी आहे: 'फ्रँटिकली' मराठीत नेमकं कसं आणू?

नमस्कार मंडळी, भाषांतरात अडकलेय. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २०१८ साली फुटबॉल टीमची १२ मुलं आणि त्यांचा कोच अडकले होते बघा, त्यावरचा एक इंग्रजी लेख वाचनालयाच्या मुलांच्या अंकासाठी मराठीत करतेय. त्यात फ्रँटिकली हा शब्द सारखा येतो आणि दरवेळी त्याचा रंग वेगळा वाटतो. आधी आईवडील, गुहेच्या तोंडाशी नुसत्या सायकली सापडल्यात, मुलांचा पत्ता नाही, आणि ते फ्रँटिकली हाका मारतायत. मग पंप लावून पाणी उपसणारे फ्रँटिकली काम करतायत कारण पावसाळा डोक्यावर आहे. आणि शेवटी पाणबुडे मुलांना बाहेर आणतात तिथेही हाच शब्द.

डिक्शनरीत 'वेड्यासारखे', 'उन्मत्तपणे' असं दिलंय. उन्मत्त म्हटलं की मला माजलेला हत्ती दिसतो, लेकरू हरवलेली आई नाही दिसत. 'युद्धपातळीवर' सुचलं होतं पण ते पेपरातल्या बातमीसारखं वाटतं, आणि त्यात भीती कुठेच नाही. फ्रँटिकली मध्ये भीती असतेच का, की नुसती घाई असली तरी चालतं? आणि फीवरिशली त्याच्यापेक्षा वेगळं कसं? वाचणारी पोरं पाचवी-सहावीची आहेत, त्यांना त्या आईची घालमेल कळायला हवी असं मनापासून वाटतं म्हणून एवढं विचारतेय.

प्रतिसाद १
ताई, भीती किंवा हातघाई असतेच त्यात. हा शब्द मुळात ग्रीकमधून लॅटिन, फ्रेंच असा फिरत इंग्रजीत आलाय आणि मूळ अर्थ तापात भ्रम होणं, बरळणं असा होता. फ्रेनेटिक त्याचाच सख्खा भाऊ. म्हणजे डोकं ठिकाणावर नाही, हातपाय मात्र जोरात चाललेत. म्हणून आईवडिलांसाठी 'जिवाच्या आकांताने' घ्या, डोळे झाकून घ्या. फीवरिशली मध्ये झपाटलेपण असतं, काम जोरात चालतं, पण घबराट असायलाच हवी असं नाही. पंपवाल्यांना तेच जवळचं, 'जिवाचं रान करून' म्हणा. त्या पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्करांची टीमसुद्धा मदतीला होती, पोरांना वाचायला आवडेल, जमलं तर एक ओळ टाकाच.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण पाणबुड्यांच्या वाक्यावर माझा ठाम आक्षेप आहे, तिथे मूळ लेखकाचाच शब्द चुकलाय. पाण्याखाली घाबरून कोणी हातपाय झाडले असते तर मूल पण गेलं असतं आणि पाणबुडा पण. म्हणून तर ऑस्ट्रेलियाचे डॉ. रिचर्ड हॅरिस यांनी मुलांना गुंगीचं औषध दिलं, तोंडभर मास्क लावले आणि पाणबुड्यांनी ८ ते १० जुलै अशा तीन दिवसांत सगळ्यांना एकेक करून बाहेर काढलं. वेळ कमीच होता, आत ऑक्सिजन १५ टक्क्यांवर आलेला, पाऊस परत येणार होता, त्याआधी थायलंडच्या नौदलाचे माजी जवान समन कुनान आत हवेच्या टाक्या पोचवून परतताना दगावलेले, तरीही प्रत्यक्ष काम एकदम थंड डोक्याने झालं. तिथे 'घाई असूनही सावकाश, जपून' असंच लिहा, शब्दाला शब्द नको.

रोजच्या वापरात हाच शब्द हलका पण होतो हं. बस सुटताना कोणी फ्रँटिकली हात हलवतो तेव्हा 'जोरजोरात' पुरे, किल्ली शोधताना 'सैरभैर होऊन', ऑफिसात मार्चएंडला 'नुसती तारांबळ'.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे! जिवाच्या आकांताने आणि जिवाचं रान दोन्ही घेतलं, किर्लोस्करांची ओळ पण टाकते. पाणबुड्यांचं वाक्य बदलायचं तर मूळ लेखिकेला मेल करून विचारायला हवं ना? आणि अजून एक, मुलं सापडल्याची बातमी आल्यावर पालक एकमेकांना फ्रँटिकली फोन करतात असं आहे, तिथे आनंद आणि काळजी दोन्ही आहे, 'आकांत' तिथे नाही चालणार. 'भान हरपून' कसं वाटतं?