कॉलेज फुटबॉलच्या स्टेडियममध्ये पाण्याच्या बाटलीला सहा डॉलर का मोजायचे?

रानजाई

गेल्या सप्टेंबरात आई-बाबा सांगलीहून अमेरिकेत आमच्याकडे आले होते. मुलाचा हट्ट, म्हणून आम्ही पाचही जण इथल्या सरकारी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल मॅचला गेलो. दुपारी बाराची मॅच, डोक्यावर ऊन, बसायला पाठ नसलेली बाकं. बाबांची स्टीलची बाटली गेटवरच अडवली. गाडी दीड मैलावर लावलेली, त्यामुळे बाटली तिथेच टाकून द्यावी लागली. आत पाण्याची बाटली सहा डॉलर. बाबा शाकाहारी. त्यांना चालेल असं प्रेट्झेल आणि नाचोज एवढंच होतं, एक आठ डॉलरला आणि दुसरं दहाला. मॅच संपेपर्यंत नव्वद डॉलर गेले आणि पोट कुणाचंच भरलं नाही.

पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली. बाबांनी दुसरी बाटली घेऊच दिली नाही. "पाण्याला पाचशे रुपये? मी घरी जाऊन पितो," म्हणाले आणि सत्तरीतला माणूस साडेतीन तास उन्हात तहान मारून बसला.

बिअर कितीलाही विका, माझी हरकत नाही. पण पाणी आणि लहान मुलांचं खाणं वाजवी भावातच मिळालं पाहिजे. बाहेरचं आत आणू द्यायचं नाही, एकदा बाहेर पडलेल्याला परत आत घ्यायचं नाही आणि आत सगळीकडे एकाच ठेकेदाराचे स्टॉल. मग त्या किमतीला बाजारभाव कसं म्हणायचं?

पश्चिमवारा

ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. तरीही मी दुसरी बाजू मांडतो.

ही स्टेडियम वर्षातले जेमतेम सात शनिवार भरतात. अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे, कोलंबसचं ओहायो स्टेडियमही एक लाखाच्या वरचं. एवढ्या लोकांना एका दिवसात खायला घालायचं, तर स्वयंपाकघरं, शीतपेट्या, माणसं, सगळं त्या मापाचं लागतं आणि उरलेलं वर्षभर ते पडून राहतं. तो खर्च सात दिवसांतच निघायला हवा.

शिवाय पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, मुलींचे बरेचसे संघ स्वतःच्या तिकिटांवर चालत नाहीत. मोठ्या विद्यापीठांत ते बहुतेक फुटबॉलच्या पैशावर चालतात. त्यात खेळाडूंच्या दाव्यात जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा दर विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. तो पैसा कुठून तरी यायलाच हवा. आणि मॅचआधी पार्किंगमध्ये शेगडी पेटवून घरचं खाण्याची टेलगेटिंगची रीत इथे आहेच. पोटभर खाऊन आत जावं.

रानजाई

पोटभर खाता येतं, साडेतीन तासांचं पाणी आधी पिऊन ठेवता येत नाही. आणि पैसा कुठून येणार म्हणाल, तर २०२२ मध्ये बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडा परिषदेने टीव्हीवाल्यांशी सात वर्षांचा ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला. मिशिगन, ओहायो स्टेट त्याच परिषदेतल्या. टीव्हीचा एवढा पैसा येत असताना पाण्यावरही नफा लागतो, हे मला पटत नाही.

ताळेबंद

कमी भाव म्हणजे तोटा, हे दोघांनीही गृहीत धरलंय. अटलांटाचा अनुभव वेगळा आहे.

२०१७ मध्ये तिथे मर्सिडीज-बेंझ स्टेडियम उघडलं. तिथल्या फाल्कन्स या व्यावसायिक फुटबॉल संघाचे मालक आर्थर ब्लँक यांनी भाव पहिल्या दिवसापासून खाली ठेवले: हॉट डॉग दोन डॉलर, पाणी दोन डॉलर, पुन्हा भरून मिळणारं सॉफ्ट ड्रिंक दोन डॉलर, पिझ्झाचा तुकडा तीन, साधी बिअर पाच. कर किमतीतच धरलेला आणि सगळे आकडे पूर्ण डॉलरचे, म्हणजे सुट्ट्या नाण्यांची खटपट नाही आणि रांग भरभर सरकते. जुन्या स्टेडियमपेक्षा भाव साधारण निम्म्यावर आले, तरी पहिल्या मोसमात फाल्कन्सच्या मॅचना दर प्रेक्षकामागचा खाण्यापिण्यावरचा खर्च १६ टक्क्यांनी वाढला, असं क्लबनेच सांगितलं. पुढच्या वर्षी हॉट डॉग आणखी उतरवून दीड डॉलरवर आणला.

कारण साधं आहे. भाव परवडला की लोक टेलगेटवर पोट भरून येत नाहीत, लवकर आत येतात आणि दोनदा-तीनदा खातात. सहा डॉलरच्या भावाने तुमच्या बाबांना एकच बाटली विकली. दोन डॉलरला त्यांनी तीन घेतल्या असत्या, आणि वर प्रेट्झेलही.

पश्चिमवारा

विक्री वाढणं आणि नफा वाढणं सारखं नाही. निम्म्या भावात दुपटीहून जास्त माल विकला, तर माल आणि मजुरी दोन्हींचा खर्च वाढतो. अटलांटाचं छप्पर उघडझाप करतं, तिथे सॉकर, मैफली, सगळं वर्षभर चालतं. शंभर वर्षांच्या उघड्या कॉलेज स्टेडियमशी त्याची तुलना होत नाही.

ताळेबंद

नफ्याचा मुद्दा मान्य, तो आकडा माझ्याकडे नाही. पण कॉलेजच्या गर्दीत हे चालणार नाही, हे मान्य नाही. जानेवारी २०१८ ची अलाबामा विरुद्ध जॉर्जिया ही कॉलेजची अंतिम लढत त्याच स्टेडियममध्ये झाली, तेव्हाही भाव हेच होते. त्या दिवशी चौपट भाव लावला असता, तरी लोकांनी मुकाट्याने दिला असता.

बँडवाली आई

मी स्टॉलच्या पलीकडे उभी असते, म्हणून लिहिते. आमच्याकडच्या कॉलेज स्टेडियमवर बरेच स्टॉल स्वयंसेवक चालवतात: शाळेचे बँड, चर्चचे गट, स्काउट. विक्रीतले काही टक्के आमच्या गटाला मिळतात. माझ्या मुलीच्या बँडच्या प्रवासाचा बराचसा खर्च दोन वर्षं त्यातूनच निघाला.

भाव आम्ही ठरवत नाही, पण बोलणी आम्हीच खातो. मागच्या मोसमात एक बाई दोन लहान मुलांना घेऊन आल्या, फळ्यावरचे भाव पाहिले, मुलांना काहीतरी समजावलं आणि रांगेतून बाहेर पडल्या. धाकटा रडत गेला. माझ्या हातात गरम पॉपकॉर्नचा खोका होता आणि तो तसाच देऊन टाकण्याची मला मुभा नव्हती. घरी आल्यावरही ते डोळ्यांसमोरून जाईना.

तरी रानजाई, बाहेरचं खाणं सरसकट आत येऊ द्या असं कृपा करून मागू नका. आमचे स्टॉल ओस पडतील. भाव कमी करा एवढंच मागा. अटलांटासारखी विक्री वाढली, तर आमचेही टक्के वाढतील.

शनिवारची रांग

मी विद्यार्थी आहे. "बिअर कितीलाही विका" याला माझा विरोध. आत एक कॅन तेरा-चौदा डॉलरला, म्हणून माझ्या वर्गातली मुलं गेटवर येण्याआधी तासाभरात हवं तेवढं ढोसून येतात. त्रास होतो तो त्या तासाचा.

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०११ मध्ये नेमकं हेच ओळखलं. हाफटाइमला बाहेर जाऊन परत येण्याची सवलत बंद केली आणि आत बिअर विकायला लागले. दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या एसईसी परिषदेने २०१९ मध्ये स्टेडियममधल्या दारूविक्रीवरची बंदी उठवली, पण चारपैकी तिसऱ्या क्वार्टरनंतर विक्री बंद आणि एका वेळी दोनच, अशा अटी घातल्या. दारू आवरायची तर अशा नियमांनी आवरा. नुसत्या भावाने ती पार्किंगमध्ये सरकते.

मुक्काम पोस्ट पुणे

आपल्याकडे मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नवरून हाच वाद झाला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गाजली, बाहेरचं खाणं नेता येणार अशी घोषणाही झाली. शेवटी ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात सांगितलं की बाहेरचं खाणं रोखण्याचा हक्क चित्रपटगृहाला आहे. पण त्याच निकालात पिण्याचं पाणी फुकट देण्याचं बंधन कायम राहिलं. पश्चिमवारा, खासगी चित्रपटगृहाला जे बंधन, ते सरकारी विद्यापीठाला का नको?

पश्चिमवारा

पाण्यापुरतं मी मागे घेतो. पाणी फुकट मिळालं पाहिजे, तेही प्रत्येक विभागाजवळ. हॉट डॉग आणि नाचोजच्या भावावर माझं मत तेच आहे.

रानजाई

चालेल. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला मी या आठवड्यात पत्र लिहिते आहे. रिकामी बाटली आत नेऊ द्या, दर दोन विभागांमागे पाणी भरायचा नळ द्या, आणि मुलांसाठी एक हॉट डॉग किंवा प्रेट्झेल तीन डॉलरला ठेवा. बाहेरच्या खाण्याची मागणी वगळली आहे. बँडवाली आई, स्टॉलवाल्या गटांच्या बाजूने चार ओळी लिहून द्याल का? तुमचं म्हणणं ते माझ्यापेक्षा लक्ष देऊन वाचतील.

बँडवाली आई

रविवारी रात्रीपर्यंत देते. त्या दोन मुलांचंही लिहीन.